पाप कोणाचे? एका सोनोग्राफी रिपोर्टच्या निमित्ताने



आज उपवासकाळाचा चौथा रविवार. आजच्या शुभवर्तमानात आपण जन्मांध माणसाचा प्रसंग ऐकला. वाटेच्या कडेला बसलेला तो माणूस दिसताच शिष्यांनी प्रभूला विचारले, हा आंधळा जन्मला तो कोणाच्या पापामुळे? ह्याच्या, की ह्याच्या आईबापांच्या? शिष्य काही दुष्ट नव्हते. त्या काळी सगळेच असे विचारीत. प्रभूने मात्र तो प्रश्नच बाजूला सारला. ह्याचेही पाप नाही आणि ह्याच्या आईबापांचेही नाही, असे त्याने स्पष्ट सांगितले.

ह्या गोष्टीला दोन हजार वर्षे होत आली, पण शिष्यांचा तो प्रश्न अजून मेलेला नाही. आम्ही तो आपल्याच माणसांच्या तोंडून ऐकला आहे. आज तो रस्त्याच्या कडेला विचारला जात नाही, सोनोग्राफीच्या रिपोर्टवर विचारला जातो. म्हणून आज थोडे त्या रिपोर्टविषयी बोलू या.

आम्ही पूर्वी ज्या धर्मग्रामात सेवेला होतो, तिथली ही गोष्ट. ओळख पटू नये म्हणून काही तपशील गाळले आहेत. एक तरुण जोडपे नियमाने मिस्साला येई. ती गायनमंडळात गात असे. तिला दिवस गेल्याची बातमी कळली तेव्हा सर्वांना आनंद झाला. मग सलग तीन रविवार दोघेही दिसले नाहीत. चौथ्या आठवड्यात एका संध्याकाळी दोघे आमच्या दाराशी आले. हातात प्लॅस्टिकची फाईल होती. बसल्याबसल्या ती म्हणाली, "फादर, आमचं काय चुकलं?"

बाराव्या आठवड्यातली सोनोग्राफी आणि रक्ताची तपासणी, असा तो रिपोर्ट होता. त्यावर ठळक अक्षरांत छापले होते: ट्रायसोमी २१, हाय रिस्क, १:१८०. दवाखान्यात तो काउंटरवरून हाती पडला होता. समजावून कोणी सांगितले नव्हते. "पुढच्या आठवड्यात या, मग काय करायचं ते बघू," एवढेच उत्तर मिळाले होते. घरी सासूबाई म्हणाल्या होत्या, "आमच्या घराण्यात असं कधी नव्हतं." त्या दिवसापासून तिच्या माहेरचा फोन आला तरी ती दुसऱ्या खोलीत जाऊन बोलत होती.

आम्ही काय केले? आम्ही फाईल उघडलीही नाही. म्हणालो, "घाबरू नका. देवावर विश्वास ठेवा. आणि गर्भपाताचा विचार मनात आणू नका." ती थोडा वेळ गप्प राहिली. मग हळूच म्हणाली, "फादर, ते तर आम्ही विचारलंच नव्हतं."

ते वाक्य आम्ही अजून विसरलेलो नाही. आमचे उत्तर चुकीचे नव्हते, पण ते तिच्या प्रश्नाचे उत्तर नव्हते. १:१८० म्हणजे काय हे तिला ठाऊक नव्हते, आणि खरे सांगायचे तर आम्हांलाही नव्हते. दुसऱ्या दिवशी ती फाईल घेऊन आम्ही ओळखीच्या एका डॉक्टरबाईंकडे गेलो आणि विद्यार्थ्यासारखे समोर बसलो. त्या दिवशी जे शिकलो, आणि त्यानंतर जे वाचले, ते आज आपल्यापुढे ठेवतो. आपल्या घरांतही असे रिपोर्ट येत असतात, मग ती तपासणी मेयोत झालेली असो, डागात असो, मेडिकलला असो की धंतोलीतल्या एखाद्या खासगी दवाखान्यात.

गर्भ ११ ते १४ आठवड्यांचा असताना ही सोनोग्राफी करतात. त्या वेळी डोक्यापासून बुडापर्यंत बाळाची लांबी साडेचार ते साडेआठ सेंटिमीटरच्या आसपास असते. बाळाच्या मानेमागे त्वचेखाली थोडे पाणी असते आणि सोनोग्राफीत तो पट्टा काळा दिसतो. त्याची जाडी मिलिमीटरमध्ये मोजतात. डॉक्टर त्याला एन. टी. म्हणतात. लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमध्ये डॉ. किप्रोस निकोलाइडिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये हे मोजमाप जगापुढे मांडले. हे पाणी प्रत्येक बाळाच्या मानेमागे असते. ते नेहमीपेक्षा अधिक असेल, तर गुणसूत्रांमध्ये किंवा हृदयात काही वेगळे असण्याची शक्यता वाढते. ते अधिक असूनही बाळ पूर्णपणे निरोगी जन्मते, असेही पुष्कळदा घडते. ह्याच वेळी नाकाचे हाड दिसते का तेही पाहतात. मग हे सारे, आईचे वय आणि रक्तातील दोन घटकांची डबल मार्कर तपासणी एकत्र करून संगणक एक आकडा काढतो. आईच्या वयाचा भाग त्यात मोठा असतो. वयाच्या तिसाव्या वर्षी डाऊन सिंड्रोमचे बाळ होण्याचे प्रमाण साधारण नऊशेंत एक असते, चाळिसाव्या वर्षी साधारण शंभरांत एक.

आता १:१८० चा अर्थ पाहू. असाच रिपोर्ट आलेल्या १८० माता आपल्या चर्चच्या बाकांवर बसल्या आहेत अशी कल्पना करा. त्यांतल्या एकीच्या बाळाला डाऊन सिंड्रोम असेल. उरलेल्या १७९ जणींच्या बाळांना तो नसेल. कागदावर मात्र सगळ्यांच्याच 'हाय रिस्क' छापलेले असते. 'हाय रिस्क' म्हणजे बाळाला आजार आहे असे नव्हे. आणखी तपासणी करावी का, ह्याचा विचार करण्याइतकी शक्यता आहे, एवढाच त्याचा अर्थ. ही एकत्रित तपासणी चांगली झाली, तर डाऊन सिंड्रोम असलेल्या शंभर बाळांपैकी सुमारे नव्वद बाळे तिच्यात ओळखू येतात. पण त्यासाठी, ज्यांच्या बाळांना तो नाही अशा शंभर मातांपैकी सुमारे पाच जणींनाही 'हाय रिस्क' म्हणून घाबरावे लागते. आणि दहा बाळे निसटतातही. 'लो रिस्क' ही हमी नसते आणि 'हाय रिस्क' हा निकाल नसतो.

पुढे अठराव्या ते विसाव्या आठवड्याच्या सुमारास सविस्तर सोनोग्राफी होते. तिच्यातही कधी काही खुणा सापडतात: हृदयात चमकणारा पांढरा ठिपका, मेंदूत पाण्याची बारीक गाठ, मूत्रपिंडात थोडे अधिक पाणी, मांडीचे हाड किंचित आखूड. ह्यांना 'सॉफ्ट मार्कर' म्हणतात. हा शब्द वाचूनच पुष्कळ घरांतली झोप उडते. पण दुसरे काही वावगे नसताना हृदयात एकटाच ठिपका दिसला, तर त्याला सहसा फारसे महत्त्व नसते. आशियाई वंशाच्या बाळांमध्ये तो अधिक प्रमाणात दिसतो. मेंदूतल्या त्या बारीक गाठी बहुधा जन्मापूर्वीच विरून जातात.

आईच्या रक्तातून बाळाच्या गुणसूत्रांचा अंदाज घेणारी नवी तपासणीही आता मिळते. ती पुष्कळ अचूक आहे, तरी तीही चाळणीच. निश्चित उत्तर हवे असेल, तर वार किंवा गर्भजल ह्यांचा नमुना सुईने काढून गुणसूत्रे पाहावी लागतात. त्यात लहान का होईना, गर्भ पडण्याचा धोका असतो. म्हणून ती घाईने किंवा कोणाच्या दडपणाखाली करून घेऊ नये.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना तर्कशास्त्राचा एक साधा नियम आम्हांला पाठ करावा लागला होता: काहींच्या बाबतीत जे खरे, ते ह्या एकाच्या बाबतीत खरे असेलच असे नाही. शक्यता वेगळी, वस्तुस्थिती वेगळी. तेव्हा तो नियम रुक्ष वाटे. त्या डॉक्टरबाईंच्या टेबलाशी बसलो असताना त्याची किंमत कळली. संगणकाने १८० मातांच्या रांगेविषयी काही सांगितले होते. ह्या एका बाळाविषयी त्याने काहीच सांगितले नव्हते. आणि आईच्या पोटात रांग वाढत नसते, एकच बाळ वाढत असते.

आजच्या पहिल्या वाचनातही हेच आहे. इशायाच्या घरी शमुवेल राजा निवडायला गेला. थोरला अलीयाब उंच आणि देखणा होता. शमुवेलाला वाटले, हाच तो. परमेश्वराने त्याला थांबवले: माणूस बाहेरचे रूप पाहतो, मी अंतःकरण पाहतो. ज्याला बापाने मोजणीतही धरले नव्हते, तो मेंढरांमागे गेलेला धाकटा दावीद शेवटी निवडला गेला. मोजमाप वाईट नाही. डॉक्टरांनी मोजलेच पाहिजे. पण मिलिमीटरने पाणी मोजले जाते, माणूस नाही.

मग अशा तपासण्या करूच नयेत का? हा प्रश्न आम्हांला अनेकांनी विचारला आहे. ख्रिस्तसभा तसे म्हणत नाही. पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनी २५ मार्च १९९५ रोजी, देवदूताच्या संदेशाच्या सणादिवशी, 'जीवनाचे शुभवर्तमान' हे परिपत्रक दिले. बाळाला आणि आईला अवाजवी धोका नसेल, आणि बाळावर वेळीच उपचार व्हावेत किंवा आईबापांनी शांत, जाणत्या मनाने त्याचा स्वीकार करावा हा हेतू असेल, तर जन्मापूर्वीची तपासणी योग्यच आहे, अशी त्यातील शिकवण आहे. डाऊन सिंड्रोम असलेल्या जवळजवळ निम्म्या बाळांच्या हृदयात दोष असतो आणि त्यांतील पुष्कळ दोष शस्त्रक्रियेने दुरुस्त होतात. आधी कळले तर बाळंतपण कुठे करावे, बालरोगतज्ज्ञ जवळ हवा की नको, हे ठरवता येते. जी तपासणी बाळाची वाट तयार करते ती आशीर्वाद आहे. बाळाला वाटेतूनच काढून टाकण्यासाठी जी केली जाते तिला आम्ही आशीर्वाद म्हणू शकत नाही.

ह्या दोन वाटांचे दुःख डॉ. जेरोम लेजून ह्यांनी जवळून भोगले. डाऊन सिंड्रोम असलेल्या व्यक्तीच्या पेशींत एकविसावे गुणसूत्र दोनऐवजी तीन असते, हा शोध पॅरिसमधील ज्या तिघांच्या नावाने १९५९ मध्ये जाहीर झाला, त्यांत ते होते. त्यांच्या सहकारी डॉ. मार्थ गोतिए ह्यांच्या प्रयोगशाळेतील मेहनतीचा त्यात मोठा वाटा होता. लेजून ह्यांना आशा होती ती उपचाराची. पुढे आपलाच शोध ही बाळे जन्माला येऊ नयेत म्हणून वापरला जातो हे त्यांनी पाहिले आणि आयुष्यभर त्याविरुद्ध आवाज उठवला. १९९४ मध्ये ते वारले. २०२१ मध्ये पोप फ्रान्सिस ह्यांनी त्यांना 'पूजनीय' घोषित केले.

आणि ह्या शोधानेच शिष्यांच्या प्रश्नालाही विज्ञानाचे उत्तर दिले. हे तिसरे गुणसूत्र बहुतेक वेळा पेशी तयार होताना आपोआप राहून जाते. नव्वदहून अधिक टक्के बाबतींत ते घराण्यातून आलेले नसते. आईने काही खाल्ले, ग्रहण पाहिले, वडिलांना काही व्यसन होते, कोणाचा शाप लागला, ह्यांतल्या कशानेही ते होत नाही. आपण सहज 'गुणसूत्रातील दोष' म्हणतो. दोष म्हटले की दोषी शोधण्याची इच्छा होते, आणि बहुधा ती सुनेपाशी येऊन थांबते. सासूबाईंनो, आम्ही तुम्हांला दुखवण्यासाठी हे लिहीत नाही. प्रभूनेच सांगितले आहे: ह्याचेही पाप नाही, आईबापांचेही नाही.

आता एक अवघड प्रसंग सांगायचा आहे. २०१७ मध्ये महाराष्ट्रातील ३७ वर्षांची एक गर्भवती सर्वोच्च न्यायालयात गेली. बाळाला डाऊन सिंड्रोम असल्याचे निष्पन्न झाले होते आणि सव्विसावा आठवडा लागला होता. त्या वेळी कायद्याची मर्यादा २० आठवड्यांची होती. वैद्यकीय मंडळाने मातेच्या जिवाला धोका नसल्याचे कळवले, आणि २८ फेब्रुवारीला न्यायालयाने गर्भपाताची परवानगी नाकारली. ज्या दोन न्यायमूर्तींपुढे हे प्रकरण होते, त्यांतील एक आपल्या नागपूरचेच, न्या. शरद बोबडे. बाळाविषयी आणि आईविषयी त्यांनी खेद व्यक्त केला, पण एक जीव आपल्या हाती आहे ही जाणीव सोडली नाही.

ती बातमी वाचून आम्हांला समाधान वाटले होते, हे आम्ही लपवीत नाही. पण नंतर एक विचार मनात टोचत राहिला. ती माता दिल्लीहून घरी परतली असेल, तेव्हा तिच्याकडे कोण गेले असेल? न्यायालयाने बाळाचा जीव राखायला सांगितले. पण आईला रात्री झोप लागत नसेल, तेव्हा तिच्याजवळ बसायला न्यायालय येऊ शकत नाही. ते काम शेजाऱ्याचे असते. शिवाय आता कायदाही बदलला आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर गर्भात गंभीर व्यंग असल्याचे वैद्यकीय मंडळाने ठरवले, तर आठवड्यांची मर्यादा उरत नाही. ज्या दाराशी पूर्वी कायदा उभा होता, तिथे आता फक्त आईबापांची सदसद्विवेकबुद्धी आणि त्यांच्या भोवतीची माणसे उभी आहेत. म्हणजे आपण.

शुभवर्तमानातील एका गोष्टीकडे आपले फारसे लक्ष जात नाही. त्या आंधळ्याच्या आईबापांना बोलावून विचारपूस झाली, तेव्हा ते घाबरले. तो वयात आला आहे, त्यालाच विचारा, असे म्हणून त्यांनी अंग काढून घेतले. त्यांना कोणाची भीती होती? देवाची नव्हे, लोकांची. सभास्थानातून आपल्याला घालवतील, ही त्यांची भीती होती.

आमच्या दाराशी आलेले ते जोडपे तीन रविवार मिस्साला का आले नव्हते? पुढे एकदा तिने सांगितले. मिस्सानंतर आवारात चहा घेताना बायका विचारतील, "सगळं ठीक आहे ना?" आणि आपल्याला रडू येईल, ही भीती तिला वाटली होती. बंधुभगिनींनो, ती आम्हांला घाबरली होती. आपल्या सभास्थानाला घाबरली होती. जीवनाच्या बाजूने आपण कितीही मोठ्याने बोललो, तरी ज्यांच्या घरात असे बाळ येऊ घातले आहे त्यांना आपलीच भीती वाटत असेल, तर आपल्या बोलण्याला काय अर्थ राहिला?

म्हणून ह्या उपवासकाळात काही साध्या गोष्टी करू या. गरोदर स्त्रीला रिपोर्टमध्ये काय आले हे विचारू नका. तिने आपणहून सांगितले तर ऐका आणि ते आपल्यापाशीच ठेवा. कोणाच्या घराण्यात काय होते, ही चर्चा बंद करा. ज्यांच्या हाती असा रिपोर्ट आला आहे, त्यांनी नवराबायकोने मिळून डॉक्टरांकडे जावे आणि न लाजता विचारावे: ही चाळणी आहे की निश्चित निदान? हा आकडा किती जणींमागे एक असे सांगतो? पुढची तपासणी कोणती, आणि तिचा धोका किती? बाळाला आजार निघालाच, तर त्याच्यासाठी काय करता येते? हे विचारणे आपला हक्क आहे. आमच्याकडेही या. ह्या वेळी आम्ही आधी फाईल उघडू.

आणि निदान खरे ठरले, तर त्या घराला एकटे पडू देऊ नका. २०१३ मध्ये पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात डाऊन सिंड्रोमचा समावेश आहे. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत बौद्धिक अपंगत्व असलेल्यांसाठी एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा आहे. कागदपत्रांची धावपळ करायला धर्मग्रामातील दोन तरुण पुढे आले, तर त्या आईबापांचे अर्धे ओझे हलके होईल. धर्मशिक्षणाच्या वर्गात अशा मुलाला पहिल्या बाकावर जागा हवी. ते मिस्सामध्ये मोठ्याने बोलले, तर मागे वळून पाहू नका.

येत्या २१ मार्चला जागतिक डाऊन सिंड्रोम दिन आहे. एकविसावे गुणसूत्र तिप्पट, म्हणून तिसऱ्या महिन्याची एकवीस तारीख. त्यानंतर चारच दिवसांनी, २५ मार्चला, देवदूताच्या संदेशाचा सण. पवित्र मरियेच्या उदरात देवाचा पुत्र वाढू लागला, तेव्हा तिलाही लोकांची भीती होती. ती अलिशिबेकडे गेली. अलिशिबेने एकही प्रश्न विचारून तिला अवघडवले नाही, आधी तिला धन्य म्हटले. आपल्या धर्मग्रामात प्रत्येक गरोदर मातेला एक अलिशिबा मिळाली पाहिजे. २५ तारखेच्या संध्याकाळच्या मिस्सानंतर सर्व गरोदर मातांना आशीर्वाद दिला जाईल. रिपोर्ट कसाही असो, अवश्य या.

त्या जोडप्याचे पुढे काय झाले, हे आपण विचाराल. बाळ झाले. आम्हीच त्याला स्नानसंस्कार दिला. ते कसे जन्मले, निरोगी की डाऊन सिंड्रोमसह, हे त्याच्या आईबापांच्या इच्छेवरून आम्ही सांगत नाही. एवढे सांगतो, की डोक्यावर पाणी पडताच ते जोरात रडले, सगळे चर्च हसले, आणि त्या सासूबाईंनी सर्वांआधी हात पुढे करून त्याला घेतले.

प्रार्थना करू या: हे प्रभू, आईच्या उदरात तू आम्हांला घडवलेस. जी माता आज हातात रिपोर्ट घेऊन जागी आहे तिला धीर दे. जे डॉक्टर तिला समजावून सांगतात त्यांना सौम्य वाणी दे. आणि आमचे डोळे उघड, म्हणजे प्रत्येक बाळामध्ये आम्ही आधी तुझे लेकरू पाहू. आमेन.

आपला,
धर्मगुरू